बांगड्याचा घास

काल सून नातीसाठी बांगड्याचे काटे काढत बसली होती. तव्यावरच्या खोबरेलाचा वास नाकात शिरला आणि मला मिठबावचं ते समुद्राकाठचं भाड्याचं घर आठवलं. पडवीत पाऊल टाकलं की तळव्यांना वाळू चिकटायची.

आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो. माझा मुलगा दीड वर्षांचा, मैत्रिणीची, सुनंदाची, मुलगीही तेवढीच. चारही दिवस दोन्ही पोरं माझ्याच गळ्यात. "तुझ्याकडे छान राहते गं ती," म्हणत सुनंदा लाटांत खेळायला पळायची.

त्या दुपारी एकाच ताटातून दोघांना बांगडा-भात भरवत होते. एकाएकी तिची पोरगी ठसकली, लालबुंद झाली. सुनंदा ओलेत्यानेच धावत आली. घरमालकीण फिलूमावशी म्हणाली, "काय होवचा नाय गो, केळा भरव तिका." केळ्याबरोबर काटा खाली गेला.

पोरीला छातीशी घट्ट धरून सुनंदा म्हणाली, "स्वतःच्या पोराचा घास मात्र बरोबर निवडलास."

पुढे आमचं बोलणंच तुटलं. तीस वर्षं मी हा प्रसंग सांगत आलेय तो तिच्या कृतघ्नपणाचा, आणि ऐकणारे माझ्यासाठी हळहळत आलेत.

काल सुनेची बोटं बघत होते. ती प्रत्येक घास दोनदा चाचपत होती. त्या दुपारी मीही दोनदा चाचपला होता, माझ्या मुलाचा. सुनंदाच्या मुलीचा एकदाच.