‘सिमिलर्ली’ लिहिण्याआधी

मोघे सर गेल्याची बातमी मला एसएमएसने कळली. क्लासच्या मालकांनी सगळ्या पालकांना आणि आम्हा कर्मचाऱ्यांना एकच मजकूर पाठवला होता : मोघे सर काल वारले, त्यामुळे आज इंग्रजीऐवजी भूगोल, वह्या आणाव्यात. वेळापत्रक लावणं हे माझंच काम. माणूस गेला तरी तास रिकामा ठेवता येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण सर आणि भूगोलाची वही एकाच वाक्यात... मला शिसारी आली. तव्यावरची पोळी करपली, ती मी तशीच डब्यात भरली आणि कामाला गेले.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सर गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आले. तिथल्या हाटकेश भागात पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका गाळ्याच्या वर आमचा क्लास होता. खालून दिवसभर खळीचा आंबट वास येई. सर पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून वर आले, आणि थोड्या दिवसांनी म्हणाले, “खालच्या वासाची सवय झाली हो मॅडम. वरच्याची होत नाही.”

वरचा वास म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या इंग्रजी शब्दांचा भिंतीवरचा तक्ता. मालकांचा नियम असा की निबंधात ‘सिमिलर्ली’ एकदाच यायला हवं. दुसऱ्यांदा ‘लाइकवाइज’, तिसऱ्यांदा ‘करस्पाँडिंगली’, मग ‘इक्वली’, मग ‘बाय द सेम टोकन’. परीक्षक खूश होतो म्हणे. मुलं पाढ्यांसारखं घोकायची आणि वाक्यांच्या मधे एकेक ठोकून द्यायची. एकाने लिहिलं होतं, माझे आजोबा वारले, लाइकवाइज आमचा टीव्ही बिघडला. स्टाफरूममध्ये सगळे हसले. सर हसले नाहीत. “त्या पोराला आजोबांबद्दल काहीतरी सांगायचं होतं,” ते म्हणाले, “आपण त्याच्या तोंडात हे कोंबलं. किळस येते मला.” ते त्या तक्त्याकडे पाठ करूनच शिकवायचे. हे शब्द एका पंगतीतले असले तरी एकमेकांच्या पानावर बसत नाहीत, असं सांगायचे. एक वाढलं की दुसरंही त्या बेताने वाढतं, तिथे करस्पाँडिंगली. दोन्हींचं वजन सारखं भरलं, तर इक्वली. एकाने केलं तसंच दुसऱ्यानेही केलं, तर लाइकवाइज. आणि यातलं काहीही लिहिण्याआधी त्या दोन गोष्टी टेबलावर ठेवायच्या, खरोखर ठेवायच्या, आणि बघायचं.

म्हणून मुलं वाट्टेल ते आणायची. कुलपं, लिंबं, एकदा तर ओला आणि सुका बोंबील; त्या दिवशी मालक वरपर्यंत ओरडत आले होते. किनाऱ्यावरच्या डोंगरी गावातून येणाऱ्या एका मुलीने मोठा शिंपला आणला आणि पणतीशेजारी ठेवला. “सर, दोनी सारखीच हाय. तेल घाला, शिंपला पन पेटंल!” सरांनी खरंच तेल घातलं, वात लावली. पेटला. वर्गात टाळ्या. सर म्हणाले, “शिंपल्याला पणती होता येतं. पण पणतीत कधी जीव राहत होता का गं?” ती म्हणाली, “न्हाय.” “मग तेवढ्यापुरतंच सिमिलर्ली. पुढे गप्प बसायचं.” शिंपला आणि पणती तेव्हापासून सरांच्या घरच्या टेबलावर राहिली.

माझे मिस्टर गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आपला एक मृत्यू बरोबर घेऊन आला. आमच्या काकांचंही असंच झालं, आमच्या मेव्हण्याचंही अगदी हेच... चहा ओतता ओतता मला वीट आला होता. सर आणि त्यांच्या पत्नी शुभाताई आले. सरांचा सख्खा भाऊ त्याच वर्षी गेला होता, त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. “गॅसचा नंबर कोण लावतं?” एवढंच विचारलं, आणि तो लावून दिला.

तर अशा माणसाच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी ऑफिसात एक खोकं आलं. उघडलं तर पुस्तिका : ‘मोघे सरांचे जोडशब्द’. मुखपृष्ठावर सरांचा हसरा फोटो, आत तो भिंतीवरचा तक्ता जसाच्या तसा. सभेला आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक द्यायची होती. मी मालकांना म्हटलं, “हे सरांचं नाही. त्यांना हे बघवत नव्हतं.”

“अहो मॅडम, इमोशनल नका होऊ. श्रद्धांजलीच आहे ना ही? सरांचं नाव राहील!”

मी एक प्रत घेऊन शुभाताईंकडे गेले. फोटो त्यांनीच दिला होता, हार घालायला म्हणून. त्यांनी पानं उलटली, पुस्तिका मिटून जमिनीवर ठेवली आणि हात धुऊन आल्या. “हे असते तर म्हणाले असते, तेरावा तरी होऊ द्या,” त्या म्हणाल्या. “सभा किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी हॉलवर पोहोचल्या आणि तिथे आणून ठेवलेल्या त्या खोक्यावर थेट बसल्या. मालक धावले. “वहिनी, पुढे खुर्ची आहे ना! सोफा मागवू?”

“नको हो. इथेच बरं आहे. यांच्याजवळ.”

नुकत्याच विधवा झालेल्या बाईला खोक्यावरून उठवणार कोण? भाषणं सुरू झाली. सर देवमाणूस होते, तसेच शिस्तप्रिय होते, त्याचप्रमाणे हसतमुख होते... कोणाच्याही सभेत चालली असती अशी ती भाषणं. एका वक्त्याने तर आधीच्या कुठल्याशा सभेचा कागद तसाच आणला असावा, कारण सरांचं क्रिकेटप्रेम त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदाच कळलं. शुभाताई हलल्या नाहीत. मुलं रिकाम्या हाताने घरी गेली. मग आम्ही दोघींनी बसून एकेक मुखपृष्ठ फाडून काढलं. “आतलं तुमचं, ते ठेवा,” त्या मालकांना म्हणाल्या, “फोटो आमचा आहे.” पुढच्याच आठवड्यात तीच पुस्तिका मालकांच्या फोटोसह वाटली गेली. मुलं अजून ते पाठ करतायत. मी तो महिना पुरा केला आणि काम सोडलं.

परवा शुभाताईंकडे गेले होते. गॅसचा नंबर लावून दिला, औषधं दिवसांप्रमाणे डबीत भरली, विजेचं बिल कधी भरायचं ते कॅलेंडरवर लिहिलं. कामं संपली. टेबलावर शिंपला आणि पणती तशीच होती, शिंपल्याच्या कडेला काजळी. त्यांनी अचानक विचारलं, “तुमचंही असंच झालं होतं का हो? म्हणजे, पहाटे जाग आली की...”

‘अगदी असंच’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. समोर त्या दोन गोष्टी होत्या. मी पणती जरा बाजूला सरकवली.

“मला जागच यायची नाही,” मी म्हटलं. “मी झोपून राहायचे. तुम्हाला काय होतं, ते सांगा.”

त्या सांगू लागल्या.