भोंग्याची वर्गणी

लालासाहेब आबांचे एकेचाळीस अर्ज मी टाईप केले, आणि त्यातल्या पहिल्या वीस-पंचवीस अर्जांना मी मनातल्या मनात हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार शहाणी होते असं पुढं कुणाला वाटायला नको.

माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान बोरजाईवाडीच्या ग्रामपंचायतीसमोर आहे. कुंडलच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाला चिकटून आमचं गाव. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म असलं सगळं माझ्याकडं चालतं. माणूस अर्ज सांगायला लागला की त्याचा स्वभाव कळतो. कुणी आधी साहेबाला चार ओळी लोणी लावतो, कुणी पहिल्याच ओळीत भांडण उकरून काढतो. आबा उभ्यानं सांगायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधून. खुर्ची पुढं केली तरी बसायचे नाहीत. अर्ज साहेबाला जायचा असतो, तो बसून सांगायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

"विषय लिही, संयोगिता. रेल्वेने जाणाऱ्या घातक मालाबाबत गावाच्या तयारीसाठी निधी मिळणेबाबत."

सहा वर्षं विषय तोच राहिला.

आबा बावीस वर्षं लष्करात होते, सुभेदार होऊन परत आले. त्यातली बरीचशी वर्षं इंधनाच्या डेपोत गेली. आमच्याकडं रिटायर झालेला फौजी एक तर ऊस लावतो नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. आबांनी ऊस लावला, पण निवडणुकीऐवजी ते रेल्वेच्या फाटकापाशी उभे राहायला लागले. मालगाडी आली की डब्यांवरच्या तिरप्या चौकोनी पाट्या बघायच्या आणि वहीत उतरवायच्या. यात पेट्रोल, त्यात तेजाब, पलीकडच्यात अमोनिया. सुभेदारांची ड्युटी अजून संपली नाही, असं म्हणत लोक चहाच्या टपरीवर हसायचे. त्यात मीही असायचे.

एकदा मी त्यांना विचारलं, की आबा, गाडी येते नि जाते, आपलं काय जातंय त्यात?

"जात आसती तर काय न्हवतं," ते म्हणाले. "पर एक्सप्रेस सोडायला मालगाडी आपल्या ठेसनात बाजूला काढत्यात. तास-तास उभी ऱ्हाती. कारखान्यात गळती झाली तर तितं शिकलेली माणसं आसत्यात. हितं झाली तर कोन हाय? मी हाय आन् तू हाईस."

रेल्वेला अर्ज केला की उत्तर यायचं, रुळाच्या पलीकडची हद्द आमची नाही. जिल्ह्याला केला की उत्तर यायचं, रुळावरचा माल आमचा विषय नाही. दोन्ही पत्रं मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते चिडले नाहीत. "म्हंजे दोन हद्दींच्या मदी जी जागा हाय, तितं आपलं गाव हाय," एवढंच म्हणाले आणि पुढचा अर्ज सांगायला लागले.

मागणी काही फार मोठी नव्हती. हातानं फिरवायचा एक मोठा भोंगा, कारण आमच्याकडं वीज असेल तेव्हा असते. पाठीवर हवेची टाकी बांधून विषारी हवेत शिरता येईल असे दोन संच. आणि दहा तरण्या पोरांना शिकवणी. तोवर फुकटात जमेल तेवढं ते स्वतःच करत होते. मंडळींची, म्हणजे बनुबाईंची, हिरवी जुनी साडी त्यांनी बांबूला लावून चावडीपुढं उभी केली. वारा कुठून आहे ते लांबून कळावं म्हणून. बनुबाई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ग्रामसभेत आबा उठायचे आणि तेच तेच सांगायचे. वास आला तर वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, आडवं पळा. खोलगट जागेत थांबू नका, माळावर जा. तोंडाला ओलं फडकं धरा. पोरांना ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं, आणि मोठ्यांनाही, नकळत.

त्यांचं सगळं ऐकून घेणारा एकच माणूस होता, तोही गावचा नव्हता. अर्जुना. कवठे महांकाळकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की तो बायको हरणाबाई आणि दीडशे मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत जायचा. आमच्या बागायतदारांना शेतात मेंढरं बसवून हवी असतात. रात्रभर कळप रानात बसला की लेंडीखत मिळतं, त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे. आबांचं एक रान रुळाच्या खालच्या अंगाला, खोलात आहे. अर्जुना तिथं बसायचा. दिवसभर रुळाकडंनं मेंढरं चारायचा आणि संध्याकाळी फोन चार्जिंगला लावायला माझ्या दुकानात यायचा. रानात वीज नाही, म्हणून सगळेच मेंढपाळ आपले फोन माझ्या काउंटरवर ठेवून जातात आणि सकाळी नेतात. "आज कवटीचं चित्र आसल्यालं सा डबं गेलं, सुभेदारास्नी सांगा," असा निरोप तो माझ्याकडं द्यायचा. आबांची वही निम्मी त्याच्या डोळ्यांनी भरलेली होती.

सहाव्या वर्षी जिल्ह्याच्या एका कार्यालयातून होकार आला. अट एकच होती, खर्चाचा दहावा हिस्सा गावानं लोकवर्गणी म्हणून एकतीस मार्चच्या आत भरायचा. आबा घरोघर फिरले. मी बरोबर होते, पावत्या माझ्या मशीनवर छापलेल्या. अर्जुनानंसुद्धा एक मेंढरू विकून वर्गणी दिली. मी त्याला म्हटलं, तू तर परगावचा. तो म्हणाला, "वारं इच्यारतंय व्हय, ह्यो कुटला म्हनून?" पतसंस्थेत खातं काढलं. पैसे काढायला दोन सह्या लागायच्या, एक आबांची आणि एक माझी.

त्या साली यात्रा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. आमच्या यात्रेत देव एकीकडं आणि कुस्त्यांचं मैदान एकीकडं. मैदान फिकं झालं तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. यात्रेची वर्गणी कमी जमली, आणि पहिल्या नंबरची कुस्ती ठरली होती आबांच्या नातवाची, शंभूराजची. समोर सोलापूरकडचा नावाजलेला पैलवान. इनामाची रक्कम पुरी नसेल तर तो येणार नव्हता.

देवळात बैठक झाली. यात्रा कमिटीचे सयाजीराव म्हणाले, "सुभेदार, भोंग्याचं पैसं पडूनच हायती. मैदान हू द्या, दोन दिसांत गोळा करून भरू. तुमच्याच नातवाची कुस्ती हाय."

सगळे आबांकडं बघत होते. शंभूराज दाराशी उभा होता. वर्षभर पहाटे उठून त्याला तालमीत सोडायला आबाच जायचे. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "बरं. एवढा डाव." त्यांनी सही केली. मग मी केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं, की हा माणूस एकदा तरी आपल्यासारखा वागला.

कुस्ती मात्र अशी झाली की अजून लोक बोलतात. पंचवीस मिनिटं चालली आणि शंभूराजनं घिस्सा मारून त्या पैलवानाला आसमान दाखवलं. हलगी थांबेना. गर्दीतनं अर्जुना धावत आखाड्यात शिरला आणि अंगावरचं काळं घोंगडं काढून त्यानं शंभूराजच्या खांद्यावर टाकलं. आबा रडत होते. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच बघितलं होतं तोवर.

पैसे दोन दिवसांत काही गोळा झाले नाहीत. दहा एप्रिल उजाडला. प्रस्ताव परत आला, मुदतीत लोकवर्गणी न भरल्यामुळं. आबा नव्या वर्षाचा अर्ज सांगायला आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. तो चाळिसावा अर्ज.

पुढच्या जानेवारीत, सकाळी आठच्या सुमाराला, ठेसनात बाजूला काढलेल्या मालगाडीच्या एका डब्यातनं अमोनिया गळायला लागला. चूक कुणाची ते अजून ठरलेलं नाही. थंडीचे दिवस, उसावर धुकं उतरलेलं, आणि त्यातच हा पांढरा ढग मिसळला. आबा अंगणात दात घासत होते. नवसागरासारखा वास नाकात शिरला तसा तांब्या टाकून ते उठले. वीज गेलेली होती, देवळाचा कर्णा मुका. त्यांनी शंभूराजला मोटरसायकलवर गल्लीगल्लीतनं ओरडत पाठवलं. आणि नवल म्हणजे गाव उठलं आणि आडवं पळालं, अगदी आबांनी सहा वर्षं सांगितलं तसं. तोंडाला ओली फडकी, म्हाताऱ्या पाठीवर, सगळे माळावर. डोळे सुजले, खोकले लागले, पण गावातलं एकही माणूस दगावलं नाही.

आबा तेवढ्या वेळात अर्जुनाला फोन लावत होते. मी नुकतंच शटर वर केलं होतं. काउंटरवर चार्जिंगला लावलेला फोन वाजत होता आणि त्यावर आबांचा फोटो दिसत होता. अर्जुनाला वाचता येत नव्हतं म्हणून तो फोटो मीच नंबराला लावून दिलेला. मी फोन उचलला आणि आबांनी माझा आवाज ऐकला. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "व्हय. तुज्याकडंच आसनार," आणि फोन बंद केला.

खोलातल्या त्या रानापर्यंत भोंगा ऐकू गेला असता. माळावरनं वाजवून बघितलाय नंतर, दोन मैलांवर जातो. हरणाबाई पाणी आणायला वरच्या विहिरीवर गेली होती म्हणून वाचली. अर्जुनाला आधी ते धुकंच वाटलं असणार. डोळे झोंबायला लागल्यावर त्यानं मेंढरांभोवतीची जाळी सोडली आणि सगळा कळप चढावर हाकलला. तो स्वतःही वर आला होता, हरणाबाईनं बघितलं त्याला. मग तो परत खाली गेला. सहा कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकलेली राहिली होती.

आबा ओला टॉवेल तोंडाला बांधून त्या ढगात शिरले. साठी उलटलेला माणूस. त्यांनी अर्जुनाला खांद्यावर घालून वर आणलं. अर्जुनाच्या हातात एक कोकरू होतं, मेलेलं. सांगलीच्या दवाखान्यात तो तिसऱ्या दिवशी गेला. आबा महिनाभर तिथंच होते. परत आले ते निम्मे होऊन. आता चार पावलं चालले तरी थांबून दम घेतात.

त्यानंतर पैसे आले. लोकवर्गणी कुणी मागितली नाही. दोन महिन्यांत भोंगा आला, संच आले, एक गाडीसुद्धा आली. नारळ फोडायला मोठी माणसं आली आणि आबांचा सत्कार करायचा म्हणाली. आबा घरातनं बाहेर आले नाहीत.

दिवाळीनंतर हरणाबाई आली. थोरला मुलगा धनाजी मेंढरं घेऊन माळावर थांबला होता. भरपाईचा कागद अडला होता, कारण मयत हा गावचा रहिवासी नव्हता. त्यासाठी आबांनी स्वतःच्या नावानं मला अर्ज सांगितला, एकेचाळिसावा, की अर्जुना माझ्या बोलावण्यावरून माझ्या रानात होता. हरणाबाईचा अंगठा त्यावर हवा होता. ती बाकड्यावर बसली होती, आबा नेहमीसारखे उभे, हात पाठीमागं, छाती वरखाली होत असलेली.

सोमवार होता. दर सोमवारी दहा वाजता भोंगा वाजवून बघतात. तो वाजला तशी ती दचकली.

"ह्यो कशाचा आवाज?"

मी सांगितलं. भोंगा थांबल्यावर तिनं विचारलं, "आवं, मंग ह्यो आदी का न्हाई आला?"

माझ्या ओठांवर आलं होतं, सरकारी काम, उशीर होतो. आबांनी मला बोलू दिलं नाही.

"यायचा व्हता," ते म्हणाले. "वर्गनी जमल्याली. तुज्या मान्सानंबी दिल्याली. ती आमी कुस्तीच्या इनामाला घातली, आन् ह्यो ऱ्हायला. सही माजी हाय."

"माझी पण आहे," मी म्हटलं.

हरणाबाईनं विचारलं, "कंची कुस्ती? शंभूबाळाची व्हय?"

"व्हय."

"ती लय चांगली झाली म्हनायचं ह्ये," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, शोधून सापडला नसता. "मेंढरांमागं बसून सारकं त्येच सांगायचं. मला सगळी पाठ झालीया. घोंगडं दिल्यालं न्हवं पोराला. माज्या हातच्या सुताचं व्हतं, पर मी काय बोलली न्हाई. मान्साला एवडा आनंद झाल्याला."

तिनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर उठवला आणि बोट लुगड्याला पुसलं. मग उठून दारात गेली आणि माळाकडं बघत म्हणाली, "सुभेदार, मेंढरं खालच्या रानात उतरवू न्हवं आज? ह्येंनी तुमास्नी तीन साल मेंढरं बसवायचा शब्द दिल्याला. दोनच झाली."

आबांनी बोलायला तोंड उघडलं, पण दम पुरला नाही. मी खुर्ची पुढं केली. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या दुकानात खाली बसले.