स्क्रीनवर हलणारी घरं

जळगावला आमचं छोटंसं ऑफिस आहे. भूकंप आला तर इमारत कशी हलेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर तिचं मॉडेल करून बघतो. काम तसं रुक्ष. पण घर म्हटलं की माणसं आली, आणि माणसं आली की किस्से साठतातच! चहाला बसलो की एकातून एक निघत जातात.

*

शिरपूरच्या एका आबांना राहत्या घरावर मजला चढवायचा होता. मी स्क्रीनवर त्यांचं घर हलवून दाखवलं. नीट दिसावं म्हणून ते हलणं शंभर पट मोठं केलेलं असतं, हे सांगायचं मात्र राहिलं. घर डोलायला लागलं तसे आबा ताडकन उठले.

"बंद कर भाऊ ते! तठे मनी माय ऱ्हास!"

मी घाईघाईने बंद केलं. तरी आबांनी घरी फोन लावला, आईचा आवाज ऐकला, मगच खुर्चीत टेकले.

*

सुषमा आमच्याकडे नवीन लागली, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच मॉडेलमध्ये ती इमारतीला पायाचा आधार द्यायला विसरली. रन केलं, तर इमारत अधांतरी आणि नुसते एरर! बिचारी रडकुंडीला आली.

आमचे साहेब, नाना, शेजारी येऊन बसले. "अगं, पहिली इमारत सगळ्यांचीच उडते. माझी तर तशीच उडालेली, प्रिंट काढून क्लायंटकडे पोचली होती!"

*

सोनगीरच्या अक्कांनी घराचं मॉडेल बघून विचारलं, "सगळ्यात जास्त ताण कोणावर?" मी कोपऱ्यातला एक खांब दाखवला.

वास्तुशांतीला गेलो, तर नेमक्या त्याच खांबाला हळदकुंकू वाहिलेलं.

अक्का म्हणाल्या, "बठ्ठा भार त्यानावरच शे ना!"

*

आणि एक किस्सा शाळेचा. जळगावजवळच्या एका जुन्या शाळेचं मॉडेल केलं, तर पहिलीच्या वर्गाची खोली सगळ्यात कमजोर निघाली. स्क्रीनवर लालभडक! मुख्याध्यापिका बाईंनी त्या खोलीवर बोट ठेवलं.

"इथे माझी बेचाळीस मुलं बसतात हो," एवढंच म्हणाल्या.

मी सांगितलं, "बाई, खांब मजबूत होईपर्यंत ही खोली रिकामी ठेवा."

"उद्यापासूनच."

पंधरा दिवसांनी मापं घ्यायला गेलो. पहिलीचा वर्ग बाईंच्या ऑफिसात भरला होता, पाढे जोरात चालले होते. आणि त्या कमजोर खोलीत टेबल, कपाट, रजिस्टरं मांडून बाई एकट्या बसल्या होत्या!

"बाई! अहो, रिकामी ठेवा म्हटलं होतं ना?"

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"ठेवली की. एक तरी मूल दिसतंय का इथे?"