ताजोंचा मिथुन मी हाकलला

नाहरलगून स्टेशनपासून गावाला जीपने साडेचार तास लागले. त्यातले दोन तास रस्ता होता, उरलेले अडीच तास रस्त्याची जागा. कोल्हापूरहून इतक्या लांब, अरुणाचलात, आम्ही एका लग्नाला निघालो होतो. शेजारच्या सर्जेरावांचा पुतण्या लष्करात; त्याच्या न्यिशी (तिथली एक जमात) मित्राचं लग्न. पुतण्याला रजा मिळाली नाही, म्हणून सर्जेराव आले, आणि त्यांचं सामान मोजायला मी.

नवरदेवाचे वडील ताजो. त्यांनी बांबूच्या लांबलचक घरात चुलीजवळ बसवलं. भात, धुरावलेलं मांस, बांबूच्या कोंबांचं आंबट कालवण आणि आपोंग (तांदळाची घरगुती दारू). तिखट औषधालाही नाही.

"परवा मुलीकडच्यांना मिथुन द्यायचाय," ताजो हिंदीत म्हणाले. "तो दिला तर लग्न. पण चार दिवस मीठ घेऊन हाका मारतोय, येतच नाही."

मिथुन म्हणजे गव्याच्या गोतातलं, जंगलात मोकळं फिरणारं जनावर. मालकाची खूण कानावरच्या कापांची. मी रीतसर चौकशी केली. दूध? काढत नाहीत. नांगर? ओढत नाही. गोठा? बांधत नाहीत. मग पाळता कशाला?

"लग्नाला. भांडण मिटवायला. आणि पूजेला, न्युब (पुजारी) मंत्र म्हणतो, मग बळी."

"म्हंजे हितं पोराचा बाप देतो?" सर्जेराव दचकले. "अण्णा, उलट्या मुलखात आलोय की!"

सकाळी ताजो जंगलात गेले. परसात पाहतो तर एक काळं धूड, पाय पांढरे, कुंपणावरून मान घालून मोहरीची भाजी फस्त करतंय. पाहुण्यानं उपयोगी पडावं. मी बांबू उचलला, "हाऽड!" म्हणून दोन ठेवून दिले. धूड डोंगर चढून गेलं. मी ही कामगिरी सर्जेरावांना ऐटीत सांगितली.

"कानावर काप हुतं का?"

"होते की, दोन."

सर्जेराव ओरडले, "अण्णा, लगीन हाकललंसा की वो!"

ताजो परतले, सगळं ऐकून घेतलं. मिठाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चला."

सहा तास चाललो. पायांवर एकेचाळीस जळवा मोजल्या. पुढे मोजणं सोडलं. ओढ्याकाठी ताजोंनी लांब सुरात हाक दिली. मिथुन झाडीतून बाहेर आला, मला पाहून थबकला.

"तुम्ही झाडामागे जा," ताजो म्हणाले.

मी गेलो. मग तो आला आणि ताजोंच्या तळहातावरचं मीठ चाटू लागला.

दुसऱ्या दिवशी मुलीकडच्यांनी त्याला दोर लावून नेलं. ताजोंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तडक घरात गेले. संध्याकाळी सून आली.

कोल्हापुरात पोचल्यावर पंधरा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. मिथुन व्याह्यांकडून सुटून ताजोंच्या जंगलात परत आला होता. सून माहेरी 'येतोय' असा निरोप धाडून मोकळी झाली, आणि ताजो, मुलगा, सून असे तिघे त्याला मीठ दाखवत पोचवायला निघाले. व्याह्यांनी जेवणाची तयारी केली म्हणे; तो पुन्हा पळणार आणि अशी जेवणं पुन्हा होणार, याची सगळ्यांना खात्री आहे.

आमच्याकडे लग्नात जावयाला दिलेली मोटरसायकल माघारी आलेली मी अजून पाहिली नाही. ती दिल्यानंतर व्याहीही फिरकत नाहीत.