घरच्या बाईचा पहिला वेचा

दिवाळीनंतर आमच्या समोरच्या खोलीत कापूस साठतो, भाव यायची वाट पाहत. माझ्याजवळ किस्से साठतात. कापूस निदान एक दिवस गाडीत भरून जातो, किस्से जाता जात नाहीत!

*

राळेगावला बियाण्याच्या दुकानात मी म्हटलं, "मागच्या साली या वाणावर बोंडअळी आलती. दुसरं दाखवा."

"भाऊले येऊ द्या, वहिनी."

भाऊ म्हणजे आमचे हे. बाहेर गाडी लावून आत आले आणि मलाच विचारलं, "कोणतं घ्याचं वं?" मी सांगितलं. त्यांनी तेच दुकानदाराला सांगितलं.

"वा भाऊ, अभ्यास आहे बा तुमचा!"

*

त्याच्या आदल्या वर्षी अळीची पाहणी करायला कृषी खात्याचे साहेब आले होते. किडकी बोंडं मीच फोडून तळहातावर धरली. पेपरात फोटो आला. साहेब, हे, माझा दीर सुधाकर आणि कडेला नुसता माझा हात!

शेजारची शोभा म्हणाली, "बांगड्यांवरून ओळखलं वं तुले!"

*

एकदा ठरवलं, आज बोलायचंच नाही. पाहू कोणाच्या लक्षात येतं. सकाळचा चहा झाला, दुपारचं जेवण झालं. संध्याकाळी हे म्हणाले, "आज घर कसं शांत वाटून राह्यलं. टीव्ही बिघडला काय?"

हसायला आलं नाही. भीती वाटली. आपण खरंच आहोत ना इथं?

*

फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात पोचत होती, ते वर्ष. सुधाकर तोंडाला फडकंही न बांधता पंप पाठीवर घेऊन निघाला. वारा सुटलेला.

"भाऊजी, आज नका जाऊ."

कोणी ऐकलं नाही. तो पंप खाली ठेवून पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात मी पंपाचं नोझल काढून पिठाच्या डब्यात लपवलं. अख्खा दिवस शोधाशोध! सासूबाईंना विचारलं, पोरांना विचारलं, गड्याला विचारलं. मला सोडून सगळ्यांना!

सुधाकर त्या दिवशी घरीच जेवला. मी त्याला एक पोळी जास्त वाढली.

*

आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा सीतादही केल्याशिवाय होत नाही. घरच्या बाईनं पाच झाडांची पूजा करायची, दही शिंपडायचं, पहिली बोंडं वेचायची. मग शेवंताबाई आणि तिच्यासोबतच्या वेचणाऱ्या बाया कापूस टाकायला कमरेला ओटे बांधून आपापल्या तासाला, झाडांच्या ओळीला लागतात.

एका वर्षी फुटलेला कापूस शेतात उभा आणि आभाळ काळं. हे घाईत होते. मी ताट घेतलं, तर म्हणाले, "राहू दे. तू येऊन काय करशील?" दह्याची वाटी घेऊन एकटेच गेले.

तासाभरात गाडी परत दारात.

"बाया बांधावर बसून आहेत!"

"काहून?"

"शेवंताबाई म्हणते, घरची बाई आल्याबिगर हात नाही लावत."

"मंग तुमीच करा ना पूजा."

"केली ना! दही शिंपडलं, बोंडं वेचली. हासून राह्यल्या साऱ्या!"

दूर गडगडलं. यांचा चेहरा उतरला. "चाल ना वं. भिजलं तर सारं गेलं."

"लुगडं बदलतो. बसा."

ते बसले. मी निऱ्या नीट घातल्या.

शेतात पोचलो तशा सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. शेवंताबाईनं माझ्या हातातलं ताट धरलं. मी पाच झाडांना कुंकू लावलं, दही शिंपडलं, पहिलं बोंड वेचलं. बाया भराभर तासात शिरल्या.

हे मागं उभेच. हळूच म्हणाले, "मी काय करू?"

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "तुमी आभाळ पाहा!"

संध्याकाळपर्यंत मान वर करून बांधावर उभे होते!