साहेबाच्या पुस्तकातलं आमचं गाव

मी जळका माणूस आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लपवून काय उपयोग? आणि माझं जळणं एकाच माणसावर, माझ्या वर्गमित्रावर. पहिलीपासून पहिला नंबर त्याचा. इंग्रजी तर अशी, की गुरुजी धडा वाचायला त्यालाच उभं करायचे आणि मी शेजारी पेन्सिलीचं टोक चावत बसायचो. आमचं घर पाटलाचं, शेती ओढ्यापासून गायरानापर्यंत. त्याचं घर बौद्धवाड्यात, शेताचा तुकडा नाही. तरी तो सरकारी कचेरीत मोठा साहेब होऊन निवृत्त झाला आणि मी साखरखेर्ड्याला खताचं दुकान चालवलं.

पण एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती. एक इंग्रज साहेब हा मुलूख धुंडाळत, नकाशे काढत घोड्यावरून लोणारच्या सरोवराकडे निघाला होता, आणि आमच्या गावापासून त्याला वाट दाखवली ती माझ्या खापरपणजोबांनी. हे मी वडिलांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. शाळेत असल्यापासून ही गोष्ट मी मित्राला किती वेळा ऐकवली असेल! तो मान डोलवायचा, बोलायचा काही नाही. मला वाटायचं, जळतोय लेकाचा.

त्या साहेबानं पुस्तक लिहिलं होतं. फार वर्षं शोधल्यावर पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे त्याची प्रत निघाली. किंमत घरात सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हती. चामड्याची बांधणी, पोटात घडीचा नकाशा, पानांना ओल्या पोत्यासारखा वास. नकाशात आमचं गाव सापडलं, मग पान सापडलं, आणि पानासमोर चित्र! डोक्याला फडकं, कमरेला धोतर, हातात काठी घेतलेला उंच माणूस. मजकूर बारीक टायपातला आणि इंग्रजी जुनी, माझं घोडं दोन ओळींत अडलं. पण चित्रातल्या माणसाच्या पायात चांगले रुंद, नक्षीचे जोडे होते. मी बायकोला म्हटलं, "असे जोडे तवा पाटलाबिगर कोनाच्या पायात असतीन?"

दुसऱ्याच रविवारी अंगणात सतरंजी टाकली. चौरंगावर पुस्तक ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं, गावातल्या जुन्या माणसांना चहाला बोलावलं. आणि वाचायला कोण? तोच. इंग्रजी त्याची चांगली, हे झालं निमित्त. खरं सांगायचं तर वाचताना मला त्याचं तोंड बघायचं होतं.

तो वाचून मराठीत सांगू लागला. साहेबाचा तंबू आमराईत पडला. गावचा पाटील आजारी असल्याचा निरोप आला, तो भेटीला आला नाही. मी म्हटलं, "पुढं असंन, वाच." पुढे होतं, गावच्या महारानं वाट दाखवली, त्याचंच हे चित्र. त्याचं नावही छापलं होतं. तेही त्यानं मोठ्यानं वाचलं.

"अबे, हे तं तुह्या आज्याचं नाव!" एक म्हातारे म्हणाले.

"आज्याले त्याच्या आज्याचं नाव ठेवलं होतं," तो म्हणाला.

मग काय! पुस्तक हातोहात फिरलं. माझ्याच अंगणात, माझाच चहा पीत लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. हळदकुंकू कुणाच्या तरी बाहीला पुसून गेलं.

लोक पांगल्यावर तो पुस्तक मांडीवर घेऊन तिथंच बसला. मला राहवलं नाही.

"नशीबवान हायेस बे. शाळेत तू पयला, नोकरीत तू पुढं. आमच्या घरी एवढं एकच होतं, तेबी तुह्याच घरी गेलं."

"म्या सगळं नाही वाचलं," तो म्हणाला.

"काऊन?"

"चार मान्साईत वाचासारखं नव्हतं."

मग त्यानं एकट्या मला वाचून दाखवलं. भर उन्हाळा. साहेब घोड्यावर, वाटाड्या पुढे अनवाणी. गावाच्या शिवेपर्यंत सोडायचं, तिथून पुढच्या गावच्या माणसानं न्यायचं, अशी रीत. पुढच्या गावचा माणूस आलाच नाही, तेव्हा साहेबानं यालाच थेट लोणारपर्यंत चालवलं. तळपाय फुटले.

"ते जोडे नाहीत बे," त्यानं चित्रावर बोट ठेवलं. "पळसाची पानं हायत. सालीनं पायाले बांधलेली."

मी चष्मा पुसून पाहिलं. ज्याला नक्षी म्हणत होतो त्या पानांच्या शिरा होत्या.

मला एकदम वाटलं, हे आपल्या घरात नको. "पुस्तक तू घेऊन जाय," मी म्हटलं.

त्यानं ते मिटून चौरंगावर नीट ठेवलं.

"राहू दे तुह्यापाशी. पळसाच्या पानाचं मले आजीनं लहानपनीच सांगतलं होतं. आमच्या घरी पुस्तक नाही लागत."

म्हणजे गोष्टसुद्धा पहिल्यापासून त्याच्याच घरी होती. आणि इतकी वर्षं तो माझी ऐकून घेत होता.