माळावरच्या गोठ्यातलं चीज

माझे दाजी इटलीचे. हे सांगितलं की लोक मनातल्या मनात एक देखणा, श्रीमंत, हुशार माणूस उभा करतात. तिन्हींपैकी ते काहीच नव्हते. पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन बसवायला परदेशातून जे फिटर आले, त्यांतले ते एक. मशीन बसलं, बाकीचे विमानात बसून परत गेले, हे राहिले. कारण त्याच कारखान्याच्या ऑफिसात माझी मोठी बहीण टायपिस्ट होती.

लग्न रजिस्टर झालं. आमचे वडील गेले नाहीत. पण जावई परदेशी आहे, उद्या काहीतरी पदरात पडेल, या हिशेबानं त्यांनी संबंधही तोडला नाही. मी तेव्हा मंचरला कॉलेजात होते आणि वडिलांचं हे धोरण मला चांगलं कळत होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ताई आणि दाजी घोडेगावजवळच्या आमच्या गावात राहायलाच आले. नोकरी संपली होती. भावकीतले झाडून सगळे पाहायला आले. कुणाला कॅमेऱ्याची आशा होती, कुणाला सेंटच्या बाटलीची. दाजींनी एसटीच्या टपावरून काय उतरवलं, तर पान्यांची आणि स्क्रूड्रायव्हरांची एक लोखंडी पेटी. वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चहा प्यायलासुद्धा भावकी थांबली नाही.

दाजींनी जाहीर केलं की ते म्हशीच्या दुधाचं चीज करणार. त्यांच्या आजोळी कुणीतरी ते करायचं आणि यांनी लहानपणी ते पाहिलं होतं, एवढंच भांडवल. आमच्या वडिलांनी त्यांना जागा दिली ती माळावरच्या पडक्या गोठ्याची, जिथं वडिलांनी स्वतःची म्हैससुद्धा बांधली नसती. वर चारचौघांत सांगत फिरले, "जावयाला जागा दिली."

पहिले काही महिने जे तयार झालं, त्याला चीज म्हणणं म्हणजे खडूला पेढा म्हणणं. दूध फाटायचं, नासायचं, रबरासारखं व्हायचं. सगळं उकिरड्यावर जायचं आणि गावातली कुत्री तेवढी धष्टपुष्ट झाली. दाजी दर वेळी हात पसरून म्हणायचे, "आज लई गरम व्हतं." मराठी ते गोठ्यांतून शिकले, त्यामुळं पुस्तकी शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नाही. पुढं माल विकायला लागल्यावर ते कधी ताईबरोबर पुण्याला गेले, की हॉटेलवाल्यांना याची फार गंमत वाटायची. माल घेताना ते मुद्दाम त्यांना बोलतं करायचे आणि खदखदून हसायचे. आमची भाषा गोऱ्या माणसाच्या तोंडी आली की गोड, आमच्या तोंडी आली की अडाणी. मला त्या हसण्याची आजही चीड येते.

शेवटी जमलं ते ताईमुळं. कुठल्या म्हशीच्या दुधाला दाटपणा आहे, कोण पाणी घालतं, सकाळचं दूध वेगळं का ठेवायचं, हे तिनं घरोघरी फिरून ठरवलं. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून पहिल्या एसटीनं पुणं गाठायची तीच. हॉटेलांच्या मागच्या दारी तासन् तास उभी राहायची तीच. दाजी गरम पाण्यात हात घालून घट्ट झालेलं दूध ताणायचे, त्याला तार येईपर्यंत, आणि त्याचे गुळगुळीत पांढरे गोळे करायचे. ते काम त्यांना उत्तम जमायचं. बाकी सगळी बोंब.

त्यातली सर्वांत मोठी बोंब त्यांच्या जिभेची. एकदा पारावर चहा पिताना कुणीतरी विचारलं, दूध घट्ट कशानं होतं? दाजींना वाटलं, आपल्या देशाचं ज्ञान द्यावं. म्हणाले, "आमच्याकडं वासराच्या पोटातून औषध काढत्यात." पुढं त्यांनी सांगितलं की इथं ते न्हाई, इथं बुरशीपासून केलेली पावडर वापरतो. पण हे दुसरं वाक्य ऐकायला पारावर कोण थांबतंय.

आमचे एक सख्खे चुलते होते. गावातली दूध डेअरी त्यांची. ताई दुधाला त्यांच्यापेक्षा चांगला भाव द्यायची, हे त्यांना कधीपासून सलत होतं. आता त्यांना एकदम धर्म आठवला. स्वतःच्या डेअरीत पाणी आणि दूध यांतला भेद ज्यांनी कधी मानला नाही, ते घरोघर जाऊन शुद्धतेवर बोलू लागले. "त्या गोठ्यात वासरं कापली जात्यात," इथपर्यंत गोष्ट गेली. एकेक करून सगळ्यांनी दूध घालणं बंद केलं. आमच्या आईनंसुद्धा. वडील म्हणाले, "भावकीत राहायचं तर बघावं लागतं." त्यांना आयुष्यभर फक्त बघताच आलं.

ताई रडली नाही. तिनं महाळुंगे पडवळ गावच्या एका ओळखीच्या बाईकडून दोन कॅन दूध आणलं आणि आमच्या देवळासमोर चूल मांडली. पावडरीचा डबा सगळ्यांच्या हातात दिला. दाजी शर्टाच्या बाह्या वर करून बसले. बायका जमल्या, पुरुष लांब उभे राहिले. दूध तापलं, घट्ट झालं, कापलं, ताणलं. दाजींचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. पहिला गोळा ताईनं चुलत्यांपुढं धरला.

"काका, खाऊन सांगा."

चुलत्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि थुंकलं. "ह्याला चव न्हाई न् ढव न्हाई. हे काय माणसानं खायचं?"

लोक हसले आणि घरी गेले. वासरू कुठं दिसलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी दूध कुणीच घातलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं मानायला माणसाला थोडी लाज लागते, आणि आमच्या गावात तिचा तुटवडा होता.

त्या ओळखीच्या बाईच्या दोन कॅनांवर धंदा कसाबसा चालू राहिला. मग उन्हाळा आला. भारनियमन सुरू झालं आणि चुलत्यांच्या डेअरीतलं थंड करायचं मशीन बंद पडलं. त्यातच दुधाच्या टँकरवाल्यांनी संप केला. भर दुपारी डेअरीपुढं भरलेल्या कॅनांची रांग आणि वर ऊन. ज्यांनी वासराच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या, तेच डोक्यावर कॅन घेऊन माळ चढू लागले. सर्वांत शेवटी चुलते आले, बैलगाडी घेऊन. खाली उतरले नाहीत. गाडीवरूनच म्हणाले, "पावणं, एवढं दूध घेता का? वाया जाईल."

मी त्या दिवशी तिथंच होते. दाजींनी या माणसाला त्याच्या दुधासकट परत पाठवावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. दाजी उठले, मशीन दुरुस्त करायला निघावं तसे शांतपणे गाडीजवळ गेले आणि कॅन उतरवू लागले.

"घेतो की," म्हणाले. "दुधानं काय केलंय?"

मला तो मोठेपणा मुळीच आवडला नाही. ताईलाही आवडला नसावा. ती चुलत्यांना एवढंच म्हणाली, "काका, आत येताना चपला काढा आणि हात धुवा. इथं शुद्धता पाळतो आम्ही."

चुलत्यांनी हात धुतले.

त्या दिवसापासून दूध पुन्हा सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत गोठ्याची शेड झाली, शेडचं छोट्या कारखान्यासारखं काहीतरी झालं, आणि नवं शतक लागल्यावर पुणे-नाशिक रस्त्यावर दुकान निघालं. मग आमच्या गावाला कंठ फुटला. "आमचे जावई" म्हणून जो तो सांगायला लागला. दुकानाच्या उद्घाटनाला चुलते फेटा बांधून पहिल्या रांगेत होते. भाषणात त्यांनी सांगितलं की या धंद्याला पहिल्या दिवसापासून त्यांचा आशीर्वाद होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनीही वाजवल्या.

थोड्याच दिवसांनी पुण्याहून एक पत्रकार आला. त्यानं दाजींना चार कोनांतून उभं करून फोटो काढले. ताई चहा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला बाजूला सरकायला सांगितलं, फ्रेममध्ये येत होती म्हणून.

"हे सगळं कसं उभं केलं?" त्यानं विचारलं.

"म्या न्हाई केलं," दाजी म्हणाले. "हिनं केलं. म्या फकस्त हात भाजले."

पत्रकार खूप हसला. छापून आलं तेव्हा त्यात दाजींचा विनय, दाजींची जिद्द, दाजींनी एका मागास खेड्याला दाखवलेली दिशा, सगळं होतं. ताईबद्दल एक ओळ होती: पत्नीची मोलाची साथ. मी तो पेपर रागानं ताईपुढं आपटला. दाजी शेजारीच बसले होते. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ताईनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ते ऐकताना त्यांची मान खाली खाली जात होती.

"म्या असं न्हाई बोललो," ते तिला म्हणाले.

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. मग तिनं पेपर उलटून पाहिला. "दुकानाचा पत्ता बरोबर छापलाय, तेवढं बास झालं." आणि ती दूध बघायला आत गेली.

आता धंदा ताईची लेक, माझी भाची, बघते. चुलत्यांची मुलं लग्नाकार्यात पाहुण्यांना सांगतात, आमचा फॅमिली बिझनेस आहे, इटालियन. ते कारखान्यात एक दिवस राबलेले नाहीत आणि दुकानातून माल नेतात तो फुकट.